जी-सी-डी बरोबर आहेत, तरी जिम रीव्ह्‌ज काही ऐकू येत नाही

मांजरा_काठ (लातूर)
शाळेच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा मे महिन्यात आहे. जुनी अमेरिकन कंट्री गाणी घ्यायचीत: जिम रीव्ह्‌जचं ‘ही'ल हॅव टू गो’ (१९५९), जॉनी कॅशचं ‘आय वॉक द लाइन’ (१९५६), हँक विल्यम्सचं ‘आय'म सो लोन्सम आय कुड क्राय’ (१९४९). एक अकूस्टिक गिटार, पेटी आणि ढोलकी आहे. कॉर्ड नेटवरून घेतल्यात, चुकत नाहीत. पण ऐकताना सहलीच्या बसमधलं गाणं वाटतं, ते दिवस काही आठवत नाहीत. शिवाय ऊन तापल्यापासून जाड तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरते. काय बदलावं?

तुणतुणं
कॉर्ड सोडा, उजवा हात बघा. सहाही तारांवर सारखं खाली-वर चालू असणार. जुन्या कंट्रीत खर्ज आणि फटकारा वेगळे असतात.

जी कॉर्ड धरा. पहिल्या मात्रेला फक्त सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार (तिसरा फ्रेट). दुसऱ्या मात्रेला बारीक तीन तारांवर हलका फटकारा, लगेच तळव्याची कड टेकवून आवाज बंद. तिसऱ्या मात्रेला चौथी तार मोकळी, चौथ्या मात्रेला परत फटकारा. सीमध्ये आधी पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर, मग तेच बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. डीमध्ये चौथी मोकळी, मग पाचवी मोकळी.

जीवरून सीवर जाताना आधीच्या चार मात्रांच्या मापातल्या शेवटच्या दोन मात्रा मोडा: पाचवी मोकळी, पाचवीचा दुसरा फ्रेट, आणि सीची खर्ज बरोबर समेवर. या दोन सुरांच्या जिन्यावरच सगळी मजा आहे. बहुतेक जण इथं घाई करतात आणि समेच्या आधीच सीवर जाऊन बसतात.

कॅशच्या गाण्यात ड्रमर नव्हता. त्यानं तारांत कागद अडकवला आणि स्नेअर ड्रमसारखा आवाज काढला. दोन बोटं रुंद कागदाची पट्टी घ्या, ब्रिजपासून (फळीवर तारा जिथं अडकवतात तिथून) चार बोटांवर एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणा. वर्तमानपत्राचा कागद लवकर फाटतो, वहीचं पान बरं. या गाण्यात सुराची पट्टी सारखी बदलते आणि कॅश कडव्याआधी गुणगुणून पुढचा सूर धरतो. ते गुणगुणणं गाळू नका.

पांढरी_पाच (नांदेड)
ढोलकीवाल्याला केहरवा धरू देऊ नका. केहरवा आला की गाणं थेट लग्नाच्या वरातीत. चाटीवर रुमाल टाकून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला टिचकी, बाकी हात मांडीवर. हँक विल्यम्सचं गाणं तीन मात्रांचं आहे, तिथं एक खर्ज, दोन फटकारे. दादऱ्याचे बोल भरायचा मोह होईल, भरू नका.

पेटीवर कॉर्ड दाबून ठेवू नका, गिटारची खर्ज बुडते. गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत फिडलसारखे दोन-तीन सूर, तेही भात्याच्या कमी दाबावर. आणि पेटी ट्यूनरच्या मापाला, म्हणजे ए सूर ४४० हर्ट्‌झलाच लागलेली असेल असं नाही. गिटार पेटीला लावा, ट्यूनरला नको. गायकाला जी म्हणजे पांढरी पाच खाली पडत असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावा, पांढरी सहा होईल.

खरखर_बंद
खरखर कोरड्या हवेनं. एप्रिलमध्ये आपल्याकडं लाकूड सुकतं, वरची फळी बसते, मान मागं जाते. लगेच ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवू नका. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी गिटार ठेवायच्या खोक्यात गिटारसोबत दोन-तीन दिवस. आर्द्रता ४५ ते ५० टक्के हवी. कूलरच्या झोतात मात्र गिटार ठेवायची नाही, फळी फुगते.

तरी खरखरली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार चौदाव्यावर दाबा. सातव्यावर तार आणि फ्रेटमध्ये साधारण ०.२ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉडची ॲलन की (षटकोनी किल्ली) घड्याळाच्या उलट दिशेनं एक अष्टमांश फेरा, परत सुरात लावा, परत मोजा. अडलं तर जोर करायचा नाही.

मांजरा_काठ
पिळलेला स्पंज ठेवला. स्टील गिटारचा तो घसरता आवाज कसा आणावा? एका मित्राकडं जुनी हवाईयन गिटार आहे.

तुणतुणं
मग अर्धं काम झालं. सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एक सूर खाली उतरवा: डी-जी-डी-जी-बी-डी. तारांवर पोलादी दांडी आडवी ठेवली की पाचव्या फ्रेटवर सी, सातव्यावर डी. बोटानं दाबताना फ्रेटच्या मागं दाबतो, इथं दांडी बरोबर फ्रेटच्या पट्टीवर. दांडीच्या मागची दोन बोटं तारांवर हलकी टेकलेली, नाहीतर किरकिर येते. ओळीच्या शेवटी फक्त एक घसरण. प्रत्येक ओळीत घसरलात तर रडगाणं होईल.

पांढरी_पाच (नांदेड)
जिम रीव्ह्‌जसाठी माईकचं विसरलं. तो मोठ्यानं गातच नाही, ओठ माईकला जवळजवळ टेकवून बोलल्यासारखं गातो. साधा डायनॅमिक माईक तीन-चार सेंटिमीटरवर, जरा तिरका धरा म्हणजे ‘प’ ‘ब’ फुटणार नाहीत. जवळ गेलं की खर्ज आपोआप वाढते. मिक्सरवाल्याला एवढंच सांगा: इको बंद. आपल्याकडं मंडपात तो आधीच पूर्ण चढवलेला असतो.