मदत हवी आहे: क्रॉलरला मोठा सर्व्हो, ॲक्सलवर की चॅसिसवर?

मंडळी, माझ्याकडे १/१० स्केलचा क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची गाडी) आहे. सध्याचा २० किलो-सेंमी ताकदीचा सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) सपाटीवर झकास चालतो, पण पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की नुसता गुणगुणतो. चाक तसूभर हलत नाही. मग रिसीव्हरच क्षणभर बंद पडतो आणि गाडी आहे तिथे ठप्प! माझा अंदाज असा, की अडकलेला सर्व्हो भरमसाट करंट ओढतो आणि ईएससीमधल्या (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीचा (सर्व्हो नि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) व्होल्टेज कोसळतो. म्हणजे नुसता ताकदवान सर्व्हो आणून भागणार नाही, ७.४ व्होल्टचा वेगळा बीईसीही लागेल. बरोबर ना?

खरी अडचण बसवण्याची आहे. मोठ्या मापाचा सर्व्हो साधारण ६० बाय ३० मिमीचा, नेहमीचा ४० बाय २०चा. ॲक्सलवर ठेवून पाहिला, तर सस्पेन्शन दाबल्यावर वरच्या लिंकला (ॲक्सल चॅसिसशी जोडणारा दांडा) घासतो. शिवाय पहिल्याच दगडावर तोच आपटणार. चॅसिसवर घ्यावा तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) आलाच. तो आणि ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकाकडे जाणारा दांडा) समांतर नि सारख्या लांबीचे जमले नाहीत, तर सस्पेन्शन खालीवर होताना चाकं आपोआप वळतात.

आणखी एक: या मोठ्या सर्व्होचा शाफ्ट १५ दातांचा, माझा ॲल्युमिनियमचा हॉर्न (शाफ्टवर बसणारी दांडी) २५ दातांचा, म्हणजे बसणारच नाही. (हे मला डबा उघडल्यावर कळलं.)

कुणी असा सर्व्हो ॲक्सलवर टिकवलाय का? की नेहमीच्याच मापातला ४० किलो-सेंमीचा घेऊन गप्प बसू? ब्रॅकेटचे फोटो टाकलेत तर फार बरं होईल.