जुन्या १९११ पिस्तुलाचा ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पसरतोय, बॅरल बदलू की बुशिंगवर (नळीच्या टोकाभोवतीचं कडं) भागेल?

ओहायोचा_पांडू
नमस्कार मंडळी, मी इथे ओहायोत क्लबच्या बुल्सआय लीगमध्ये (टार्गेटवरची पिस्तूल नेमबाजी) .२२ कॅलिबरने खेळतो, आता .४५ पण सुरू करायचंय. नवीन मॅच गनचे भाव बघून डोळे पांढरे झाले म्हणून एका रिटायर्ड गृहस्थाकडून जुनं १९११ घेतलं, साधं मिलिटरी पॅटर्नचं, पाच इंची बॅरल, भरपूर चाललेलं. हातात घेऊन हलवलं की स्लाइड खुळखुळ्यासारखी वाजते. २५ यार्डावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तरी सात-आठ इंचात पसरतंय, आणि ५० यार्डाच्या टार्गेटवर दहाची रिंगच जेमतेम ३.३६ इंचाची, म्हणजे आपला काही निभाव लागत नाही. यूट्यूबवर एक जण म्हणतो फ्रेमचे रेल (ज्यावर स्लाइड सरकते त्या कडा) ठोकून स्लाइड टाइट करा, दुसरा म्हणतो लाँग लिंक (बॅरलखालची नेहमीपेक्षा लांब कडी) टाका, स्वस्तात काम होतं. कुठून सुरुवात करू? गनस्मिथकडे बराच नंबर आहे म्हणून आधी विचारतोय.

दहाची_रिंग
पांडूभाऊ, खुळखुळ्याकडे सध्या दुर्लक्ष करा. १९११ मध्ये दोन्ही साइट (नेम धरायच्या खुणा) स्लाइडवर असतात, फ्रेमवर नाही, त्यामुळे स्लाइड फ्रेमवर थोडी हलली तरी तुमचा नेम तिच्याबरोबरच हलतो. खरा प्रश्न हा की दर फायरनंतर बॅरल स्लाइडमध्ये परत त्याच जागी बसते का. फायर झाल्यावर बॅरल नि स्लाइड आधी जोडीने थोडं मागे जातात, मग लिंक बॅरलची मागची बाजू खाली ओढते, वरचे लग (स्लाइडच्या खाचांत अडकणारे उंचवटे) स्लाइडमधून सुटतात नि स्लाइड एकटी मागे जाते, येताना हेच सगळं उलट. झिजलेल्या गनमध्ये येताना बॅरल कधी इथे बसते कधी तिथे, आणि २५ यार्डावर त्याचे इंच होतात.

आता मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी नि बोटाने दोनदा तपासा, मग स्लाइड पूर्ण पुढे असताना वरच्या खिडकीतून दिसणारा बॅरलचा भाग अंगठ्याने खाली दाबा. स्प्रिंगवर बसल्यासारखा खाली जाऊन वर येत असेल तर मागचं लॉकअप (बॅरल नि स्लाइडची पकड) ढिलं आहे. मग नळीचं टोक बोटाने वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा, तिथे खेळ असेल तर बुशिंग झिजलंय. स्लाइड स्टॉपची (स्लाइड अडवणाऱ्या खटक्याची) पिन काढून नखाने चाचपा, मधे खाच पडलीय का, कारण बॅरलचे खालचे दोन पाय त्याच पिनवर उभे राहतात. पिन तशी स्वस्त असते, बरेच लोक तिच्याकडे बघतच नाहीत.

लाँग लिंकच्या नादी लागू नका. त्याने बॅरल वर उचलली जाते खरी नि दाबून बघितलं तर घट्ट पण वाटते, पण मग ती दोन पायांवर नाही, लिंकच्या एका टेकूवर उभी राहते, डावी-उजवीकडे डुलायला मोकळी. शिवाय सुटायला उशीर होतो आणि लगच्या कडा गोल होत जातात.

अजून एक, ग्रुपमध्ये पहिली गोळी कुठे पडते ते वेगळं मार्क करा. पहिली आपण हाताने स्लाइड सोडून भरतो, बाकीच्या गन स्वतः भरते, दोन्ही वेळा बॅरल वेगळी बसत असेल तर पहिली एकटी बाहेर पडते.

कोथरूडची_माई
मी इथे पुण्यात .२२ स्टँडर्ड पिस्तूल मारते, आमच्याकडे बॅरल जागची हलतच नाही, फक्त बोल्ट मागे जातो, त्यामुळे ही भानगड नाही. आमचं रडगाणं अॅम्युनिशनचं, एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये ग्रुप बदलतो, म्हणून लॉट टेस्ट करून मगच मॅचसाठी ठेवतो. तुम्ही कोणत्या गोळ्या मारल्या ते लिहिलंच नाहीये. जे मिळेल ते स्वस्तातलं मारून गनला दोष देत असाल तर आधी ते बघा. आणि मागचा साइट खाचेत हलत नाही ना? हसू नका, आमच्या क्लबात असं झालंय.

सातारी_फौजी
माईंचं बरोबर आहे. आम्ही सर्व्हिसमध्ये ९ एमएम वापरलं, ब्राउनिंग हाय पॉवरचंच ईशापूरला बनलेलं. त्यात ना लिंक ना वेगळं बुशिंग, बॅरलखालच्या लगलाच तिरकी खाच असते, तीच बॅरल खाली ओढते. कोतातली (शस्त्रागारातली) काही पिस्तुलं इतकी चाललेली की वरचा रंग उडून नुसतं पांढरं लोखंड दिसायचं, तरी चांगला नेमबाज त्यातून मारायचा. त्यात मॅगझिनमुळे ट्रिगर जड नि खरखरीत लागतो, निम्मे लोक तिथेच हुकायचे नि नाव बॅरलचं.

पांडू, दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिन भरायला सांग, मधे एखादी डमी (न उडणारी) गोळी, तुला न सांगता. डमीवर नळी खाली झुकली तर रोग तुझ्या मनगटात आहे. .२२ वरून .४५ वर येणाऱ्याचं हे हमखास होतं. आणि दुसऱ्या कुणाला तरी तीच गन मारायला दे, त्याचा पण पसरला तर गनचं बघू.

ओहायोचा_पांडू
धन्यवाद सगळ्यांना, शनिवारी रेंजवर सगळं करून आलो. फौजी काका, एकदा झुकली, मान्य 😀 पण आमच्या लीगमधल्या एका जुन्या खेळाडूने पिशवीवरून मारलं तर त्याचा पण साधारण तेवढाच. गोळ्या २३० ग्रेनच्या साध्या फॅक्टरी बॉल (गोल टोकाच्या), माई. साइट दोन्ही घट्ट. अंगठ्याने दाबलं तर बॅरल खाली जाते नि वर येते, स्पष्ट जाणवतं. नळीचं टोक पण बुशिंगमध्ये हलतं. पिनवर बारीक खाच आहे. पहिली गोळी बहुतेक वेळा बाकीच्यांच्या वर पडली.

दहाची_रिंग
मग निदान झालं की. आधी पिन नि रिकॉइल स्प्रिंग बदला, फॅक्टरी बॉलला नेहमीची १६ पौंडाची ठीक, पुढे हलके सेमी-वॅडकटर (चपट्या टोकाच्या टार्गेट गोळ्या) मारायला लागलात की १२ च्या आसपास यावं लागेल नाहीतर गन अडकेल. हे झाल्यावर परत पिशवीवरून मारा. नवीन पिनवर पण बॅरल दबत असेल तर नुसत्या बुशिंगवर पैसे घालू नका, पुढून घट्ट नि मागून ढिलं याने फारसं काही हाती लागत नाही. सरळ मॅच बॅरल आणि तिलाच जुळवलेलं बुशिंग, दोन्ही एकाच गनस्मिथकडून बसवून घ्या. ती बॅरल मुद्दाम जास्तीचं लोखंड ठेवून येते, खालचे पाय नि वरचे लग गनप्रमाणे थोडे थोडे घासून बसवावे लागतात, घरी कानस घेऊन बसायचं काम नाही, जास्त घासलं गेलं की परत भरता येत नाही. रेल ठोकायचं सगळ्यात शेवटी, वाटलंच तर. आणि ट्रिगर करून घेणार असाल तर साडेतीन पौंडाच्या खाली नको, बुल्सआयमध्ये .४५ च्या ट्रिगरला तपासणीत तेवढं वजन उचलावंच लागतं.

सातारी_फौजी
आणि नंबर लागेपर्यंत ती डमी गोळी सोडू नकोस.

ओहायोचा_पांडू
हो काका. पिन नि स्प्रिंग आजच मागवली, गनस्मिथकडे पण नाव लावून ठेवलं.