रोमन सेनापती लंडनचं इंग्रजी का बोलतो?

अनुस्वार
हॉलिवूडचे जुने ऐतिहासिक चित्रपट पुन्हा बघतोय आणि एक गोष्ट फार खटकतेय. १९६० चा ‘स्पार्टाकस’ घ्या. रोमन सत्ताधारी म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिए आणि चार्ल्स लॉटन, दोघे इंग्लंडचे. गुलाम म्हणजे कर्क डग्लस आणि टोनी कर्टिस, दोघे अमेरिकन. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘बेन-हर’मध्येही ज्यू नायक चार्लटन हेस्टन अमेरिकन आणि समोरचा रोमन मेसाला उत्तर आयर्लंडचा स्टीफन बॉईड. रोम राहिलं बाजूला, अमेरिकेचं ब्रिटनशी १७७६ चंच स्वातंत्र्याचं भांडण पुन्हा चाललंय! कोण माजोरडा आणि कोण आपला, हे प्रेक्षकाच्या कानात आधीच भरून ठेवलं जातं. १९९४ च्या ‘लायन किंग’मध्ये तर दोघे सख्खे भाऊ. मुफासा अमेरिकन बोलतो, दुष्ट स्कारला मात्र जेरेमी आयर्न्सचं ब्रिटिश इंग्रजी. पात्राची जी भाषा असेल ती वापरा आणि खाली सबटायटल द्या, एवढंच माझं मागणं आहे.

सहावी रांग
साफ असहमत. ‘स्पार्टाकस’मधली गुलाम व्हरिनिया कोण आहे? जीन सिमन्स, लंडनची. ज्युलियस सीझर? जॉन गॅव्हिन, लॉस एंजेलिसचा. तुमची विभागणी त्याच चित्रपटात मोडते.
आणि २०१९ ची ‘चेर्नोबिल’ मालिका बघा. सगळे सोव्हिएत, तरी नट आपापल्या बोलीत बोलतात. लेखक क्रेग मेझिन यांचं म्हणणं असं की अ‍ॅक्सेंट करायला लावला की नट तो अ‍ॅक्सेंटच वठवत बसतात. अगदी खरं आहे. जॅरेड हॅरिसने रशियन हेल काढून ‘र’ घोळवला असता, तर त्याने साकारलेल्या शास्त्रज्ञ लेगासॉव्हची भीती आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

घाटमाथा
‘चेर्नोबिल’ मलाही अतिशय आवडली, पण तिथेही लेगासॉव्ह नीटस इंग्रजी बोलतो आणि खाणकामगारांचा म्होरक्या ग्लुखॉव्ह स्कॉटिश. म्हणजे ब्रिटनमधली वर्गवारी उचलून रशियातल्या तुला शहरातल्या खाणीवर चिकटवली. प्रेक्षकाला पटकन कळतं हे खरं, पण जे कळतं ते ब्रिटनबद्दलचं.

शाकुंतल
रंगमंचावर भाषेची उतरंड आपल्याकडेही होतीच की. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी प्राकृत, अंगठी सापडलेला कोळी मागधी प्राकृत. प्राकृतातल्या पद्यासाठी तर आपली महाराष्ट्री. कोण कुठल्या थरातला, हे कानाला सांगायची ही फार जुनी रीत आहे. त्यात हॉलिवूडचा वेगळा गुन्हा काय?

अनुस्वार
@शाकुंतल, फरक मोठा आहे. कालिदासाने उतरंड दाखवली ती त्याच्याच समाजातली. हॉलिवूड रोमची उतरंड दाखवायला तिसऱ्याच देशाकडून उसनं आणतं.
@सहावी रांग, जीन सिमन्सचा मुद्दा बरोबर, पण एका नायिकेने अख्खी प्रथा पुसली जात नाही. अमेरिकन प्रेक्षक सबटायटल वाचत नाहीत, ही सबबही आता संपली. २०२४ च्या ‘शोगुन’ या अमेरिकन मालिकेमध्ये बहुतेक संवाद जपानीत आहेत आणि पहिल्याच सीझनला १८ एमी पुरस्कार मिळाले.

सहावी रांग
त्याच ‘शोगुन’मध्ये पोर्तुगीज म्हणून जे बोलतात ते आपल्याला इंग्रजीत ऐकू येतं. कुणाचं काही अडलं का? संकेत एकदा स्वीकारला की विसरायचा असतो.

परसातली जाई
मी न्यू जर्सीत राहते. तुम्ही सगळे युरोपातल्या पात्रांबद्दलच बोलताय. रोमनाला ऑलिव्हिएचा रुबाब मिळाला, रशियनाला हॅरिसचं गांभीर्य. भारतीय माणसाला काय मिळालं? ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला दुकानदार अपू. हँक अझारिया या गोऱ्या नटाने तीस वर्षं काढलेला तो आवाज २०२० मध्ये थांबला. तोवर इथल्या शाळांमध्ये आपल्या मुलांना त्याच आवाजात चिडवून झालं होतं. भारतीय वंशाचे अमेरिकन विनोदवीर हरी कोंडाबोलू यांचा २०१७ चा माहितीपट त्यावरच आहे. कुणाला भारदस्त इंग्रजी द्यायचं आणि कुणाला हसण्यासारखं, हे ठरवतं कोण? माझा राग त्यावर आहे.

सहावी रांग
अपूबद्दल तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे, ताई. पण अपू अमेरिकेत राहून इंग्रजीच बोलतो. अशा माणसाला भारतीय हेल असणं स्वाभाविक. तो हेल भारतीय नटाला न देता टिंगलीसाठी वापरला, हे वाईट. लेगासॉव्ह मात्र मॉस्कोत रशियनच बोलतोय, स्वतःच्या मातृभाषेत, न अडखळता. मग त्याच्या तोंडी मोडकं इंग्रजी घालायचं कशाला?