मदत हवी आहे: सोसायटीतला फ्लॅट घ्यावा की रो हाउस? रविवारी टोकन द्यायचंय

वाळूज_रात्रपाळी (गुरुवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा. दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय, रीसेलचा, तिसरा मजला. मालकांची नांदेडला बदली झालीय म्हणून ते घाई करायलेत. जवळपास तेवढ्याच पैशात एक रो हाउस पण आहे, तिथं सोसायटी वगैरे काही नाही. बायको म्हणते फ्लॅटच घ्या, कारण मी आठवडाआड रात्री कंपनीत असतो आणि तिथं गेटवर माणूस बसतो. वडील म्हणतात, आपल्याच भिंतीला खिळा ठोकायला चार लोकांना विचारायचं तर ते घर आपलं कसं? त्यात फ्लॅट नावावर करायला सोसायटीवाले ट्रान्सफरचे ५० हजार मागायलेत. राहणाऱ्यांनी फायदे-तोटे खरेखरे सांगा.

देवळाईकर (११:५२)
कोणता भाग? किती फ्लॅट? मेंटेनन्स किती? पाणी नळाचं का टँकरचं? लिफ्ट आहे का? आणि ५० हजार पावतीवर मागितले का नुसतेच?

वाळूज_रात्रपाळी (शुक्रवार, सकाळी ७:१०)
आपल्या छत्रपती संभाजीनगरातला सातारा परिसर. २४ फ्लॅट. मेंटेनन्स दीड हजार. लिफ्ट आहे. बाकी मी विचारलं नाही. मला फायदे-तोटे हवे होते.

देवळाईकर (७:३१)
अहो, तेच तर विचारायलो. पाण्याचं कळल्याशिवाय फायदा कशाला म्हणायचं आणि तोटा कशाला?

गारखेड्याची_ताई (८:०५)
मी पाच वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. जायकवाडी उशाला असूनही या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ते तुम्हाला सांगायला नको. एकट्या घराला उन्हाळ्यात टँकर मागवायचा तर टँकरवाला म्हणेल तो भाव आणि येईल ती वेळ. आम्ही ३२ घरांनी मिळून मार्चमध्येच बोली केली, महिन्याचे टँकर ठरवून घेतले. चार जूनपर्यंत एकाही घरात हंडा रिकामा राहिला नाही. बोअरची मोटर जळाली तेव्हा दुपारपर्यंत दुसरी बसली, कारण दुरुस्तीच्या खात्यात पैसे होते. हे एकट्याच्या बंगल्यात होत नाही.

तोटा पण सांगते. आमच्याकडे सहा घरं मेंटेनन्स द्यायचीच नाहीत, आणि त्यांच्या दारात जाऊन मागायचं काम माझं. एका घरातल्या काकूंशी माझं बोलणं अजून बंद आहे. त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही परत पाठवली. ते मला फार लागलं.

रोहाउस_सुखी (८:४४)
ताई, तुमचा अनुभव चांगला असेल, पण मी सात वर्षं सोसायटीत काढून बाहेर पडलोय. पाहुण्याची गाडी आत लावू द्यायची नाही. पोरांनी खाली क्रिकेट खेळायचं नाही. आईने गच्चीवर कुरडया घातल्या तर वॉचमन सांगायला आला की काकू, गच्चीला कुलूप लावायचं आहे. सत्तर वर्षांची बाई ओल्या कुरडया परातीत भरून जिना उतरली. त्या दिवशी मी ठरवलं की आता आपली गच्ची हवी. दादा, वडील बरोबर बोलायलेत. रो हाउस घ्या.

गारखेड्याची_ताई (८:५८)
गच्चीला कुलूप लावणं हा त्या कमिटीचा दोष आहे, सोसायटीचा नाही. आमच्याकडे चैत्रात पाळ्या लावून देतो, दोन घरांना एक दिवस.

रोहाउस_सुखी (९:०३)
पण कमिटी कशी मिळेल ते घर घेताना कुणाला माहीत असतं?

निवृत्त_लिपिक (१०:२०)
सहकार खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून नियमाचं बोलतो. महानगरपालिका हद्दीत सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे तुमचे ते ट्रान्सफरचे पैसे, जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. तसं शासनाचं २००१ सालचं परिपत्रक आहे. त्याशिवाय हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश फी १००. देणगी म्हणून वरचे पैसे सक्तीने घेता येत नाहीत. विकण्यासाठी संस्थेच्या ना हरकतीची गरज नाही असं आदर्श उपविधीतच (संस्थांच्या नमुना नियमावलीत) आहे, पण कर्ज काढणार असाल तर बँक तो कागद मागते.

उद्या फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. थकबाकीवर व्याज सरळव्याजाने २१ टक्क्यांपर्यंत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत झाली पाहिजे. मागच्या दोन सभांचं इतिवृत्त आणि लेखापरीक्षणाचा अहवाल मालकाकडून मागवा. ज्या संस्थेत ते मिळत नाहीत, तिथं पैसे देऊ नका.

संस्था रजिस्टर आहे का, हे तुम्ही अजून सांगितलं नाही.

वाळूज_रात्रपाळी (१०:४१)
काका, खूप आभार. म्हणजे २५ हजारच द्यायचे ना? चेअरमनना फोनवर तसं सांगतो.

निवृत्त_लिपिक (१०:४४)
थांबा. आधी रजिस्टर आहे का ते बघा. गेटवरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो.

कर_सल्ला_लातूर (११:१५)
मेंटेनन्सवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण महिन्याला प्रत्येकी ७,५०० च्या वर असेल आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तरच. खाली असेल तर लागत नाही. लोक उगाच घाबरतात.

देवळाईकर (११:१९)
साहेब, त्यांचा मेंटेनन्स दीड हजार आहे.

मांजराकाठ (दुपारी १:३०)
मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही स्वतंत्र घरात होतो. गल्लीत टँकर यायचा तेव्हा मी कामावर, बायको लेकराला कडेवर घेऊन रांगेत. पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये खाली मोठी टाकी होती, एकदा भरली की सगळ्यांना सारखं. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं की चार घरं एकत्र असावीत.

पण माझी आई वरच्या मजल्यावर झोपत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीजवळ आमच्या आजोळची माळवदाची (मातीच्या छताची) घरं बसली. माळवद एक मजलीच होतं हे तिला पटवून सांगितलं, तरी तिसरा मजला म्हटला की ती उठून बसते. तुमच्या आई-वडिलांना एकदा नेऊन आणा. तिथं पाच मिनिटं बसवा.

उस्मानपुरा_६५ (२:०५)
मांजराकाठ, तुमचं आजोळ कोणतं? आम्ही त्या वेळी सास्तूरला मदतीला गेलो होतो.

मांजराकाठ (२:२०)
सास्तूरच्या पुढे, काका. खाजगी निरोप पाठवतो.

देवळाईकर (२:४८)
रो हाउसबद्दल कुणीच विचारलं नाही. जागा एनए (बिगरशेती) आहे का गुंठेवारीची (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली)? सातारा-देवळाईत बरीच घरं गुंठेवारीत आहेत. नियमित झालेली असतील तर ठीक, त्याचं प्रमाणपत्र बघा. नसेल तर बँक कर्जाला नाही म्हणेल आणि पुढं विकताना त्रास होईल. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण सोय होणं आणि त्या घराचा कागद हातात असणं वेगळं.

रोहाउस_सुखी (३:०२)
हे मात्र बरोबर. मी एनए बघूनच घेतलं. मघाशी सांगायचं राहिलं.

वाळूज_रात्रपाळी (शनिवार, रात्री ८:१५)
आज सुट्टी होती म्हणून आई-वडिलांना घेऊन गेलो. रो हाउसचं आधी सांगतो. मालकाने 'गुंठेवारीची फाईल टाकलीय' एवढंच सांगितलं, प्रमाणपत्र नाही. म्हणून ते सोडलं.

फ्लॅटच्या गेटवर नोंदणी क्रमांक नाही. मालकाने कपाटातून डीड ऑफ डिक्लरेशन नावाचा कागद काढला. ते म्हणतात, ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, लोक नुसतं सोसायटी म्हणतात. माझ्या डोक्यात हा फरकच नव्हता. आता २५ हजारांचं काय? चेअरमनशी मी कालच तावातावाने बोललो. आणि पाणी आठवड्यातून एकदा नळाचं, बाकी टँकर. चार घरं थकीत आहेत, त्यात हा फ्लॅट पण आहे. आठ महिने भरलेले नाहीत. हे मालकाने मला सांगितलंच नव्हतं.

निवृत्त_लिपिक (९:०२)
म्हणूनच थांबा म्हणालो होतो, आणि कालच्या उत्तरात मीच आधी विचारून मग आकडा सांगायला हवा होता. तो २५ हजारांचा नियम सहकारी संस्थेला. डीड ऑफ डिक्लरेशन आहे म्हणजे तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात आहे. तिथं डिक्लरेशनसोबतचे उपविधी चालतात. ५० हजार त्यात लिहिलेले असतील तर दाखवा म्हणा, नसतील तर कोणत्या कलमाने मागता ते लेखी विचारा.

दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च घरागणिक सारखा नसतो, प्रत्येक फ्लॅटच्या अविभाज्य हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या वाट्याच्या) टक्क्याप्रमाणे वाटायचा असतो. डिक्लरेशनमध्ये तुमच्या फ्लॅटपुढे टक्का लिहिलेला असेल. तिथं तीन बेडरूमची घरं असतील आणि सगळ्यांकडून दीड हजारच घेत असतील, तर तुमच्याकडून जास्त घेतायत.

थकबाकी मात्र टोकनआधी भरून घ्या आणि नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, कागद घ्या. तो मालक नांदेडला गेला की फ्लॅटमालकांची असोसिएशन तुमच्याच दारात येईल.

गारखेड्याची_ताई (९:२०)
आणि चेअरमनला उद्या सकाळी जाऊन भेटा. बोललात ते बोललात. राहायचं त्यांच्यासोबतच आहे.

रोहाउस_सुखी (९:३३)
अजून एक रो हाउस आहे देवळाईत, एनए. नंबर पाठवू का?

वाळूज_रात्रपाळी (रविवार, दुपारी १२:५०)
टोकन दिलं नाही. मालकाला गुरुवारपर्यंत आठ महिन्यांचे पैसे भरून नो ड्यूज आणायला सांगितलंय, तो हो म्हणाला. चेअरमनना भेटलो, माफी मागितली. ५० हजारांचं कलम त्यांनाही दाखवता आलं नाही, पुढच्या सभेत मांडतो म्हणाले. टक्क्याचं विचारलं तर गप्प बसले. आमच्या फ्लॅटचा टक्का ३.६ आहे, वरच्या मोठ्या घरांचा ५.१.

आई मात्र खालच्या घरातल्या बाईंकडे बसली होती. गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते तिने मला न सांगताच विचारून घेतलं. त्यांच्याकडेच असते, आणि कधीही न्या म्हणाल्या.

रो हाउसचा नंबर पण पाठवून ठेवा दादा. गुरुवारी मालक आलाच नाही तर लागेल.