वेम्ब्लीत मुक्काम आहे, तर वेम्ब्लीच बघावं का? (माहिती हवी आहे)

कोपरीकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं, आई-बाबा आणि आमचे चिरंजीव (वय ११, फुटबॉलने झपाटलेले) लंडनला येतोय. उतरणार मावसबहिणीकडे, वेम्ब्लीत. तिचं म्हणणं, "इथे बघायला काय आहे? मॅच असली की गर्दी, नसली की गुजराती. सरळ ट्यूब पकडा आणि शहरात जा." पण चिरंजीवांना स्टेडियम आतून बघायचंय, आईला देवळं बघायची आहेत, आणि बाबा तरुणपणी रेल्वेकडून हॉकी खेळलेले, त्यांनी जाहीर केलंय की ४८ सालचं ऑलिंपिकचं सोनं जिथे मिळालं ती जागा बघितल्याशिवाय परत येणार नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती कांदा-लसूण खात नाही. एक अख्खा दिवस द्यावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चहाबाज
द्या की. लॉर्ड्स आणि वेम्ब्ली एकाच ज्युबिली लाइनवर आहेत. सेंट जॉन्स वूडला उतरून लॉर्ड्स, मग तीच गाडी पकडून वेम्ब्ली पार्क. लॉर्ड्सवर वेंगसरकरांची तीन शतकं आहेत हे चिरंजीवांना आधीच पाठ करायला लावा. बाकी वेम्ब्लीचं मला फार कळत नाही, तिथले लोक सांगतीलच.

मिरजेची_अल्पर्टनवाली
तिथली मीच. लॉर्ड्स आणि वेम्ब्ली एका दिवसात अजिबात करू नका, सासूबाईंचे गुडघे आधीच दुखतायत. (त्या तुमच्या आई, पण मी सुनेच्या बाजूने लिहितेय.)

तुमच्या बहिणीचं "मॅच नाहीतर गुजराती" हे वाक्य इथे सगळेच म्हणतात. मी अल्पर्टनला नव्वदच्या दशकापासून राहते, पार्क रॉयलला एका गोदामाच्या हिशेबखात्यात नोकरी केली, आणि माझं मत असं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. स्टेडियम का आलं ते कळलं की ईलिंग रोडवर, म्हणजे आमच्या गुजराती बाजारात, भेंडी का मिळते तेही कळतं.

ऐका. इथे आधी होता एक अर्धवट मनोरा. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेवाल्याला आयफेलपेक्षा उंच मनोरा बांधायचा होता, म्हणजे लोक त्याच्या गाडीने इथवर येतील. पहिला मजला झाला, पैसे संपले, १९०७ मध्ये सुरुंग लावून पाडला. त्याच जागी १९२३ मध्ये स्टेडियम उभं राहिलं, आणि १९२४-२५ मध्ये भोवताली ब्रिटिश साम्राज्याचं प्रदर्शन भरलं. प्रत्येक वसाहतीचं एकेक दालन. भारताचं दालन पांढरंशुभ्र, घुमट-मिनारांचं, ताजमहाल आणि जामा मशिदीच्या धर्तीवर. म्हणजे हिंदुस्थान वेम्ब्लीत पहिल्यांदा आला तो शोभेची वस्तू म्हणून.

प्रदर्शन संपलं. आर्थर एल्विन नावाचा एक माणूस तिथे तंबाखूची टपरी चालवत होता. त्याने ओस पडलेली दालनं भंगारात घ्यायला सुरुवात केली, आणि त्यातून शेवटी स्टेडियमच ताब्यात घेतलं. फुटबॉलवर एवढं मोठं मैदान वर्षभर चालणार नाही हे ओळखून त्याने कुत्र्यांच्या शर्यती आणल्या. त्या इतक्या महत्त्वाच्या होत्या की १९६६ च्या विश्वचषकात उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्ब्लीऐवजी व्हाइट सिटीला खेळवावा लागला, कारण त्या संध्याकाळी इथे कुत्रे धावणार होते! चिरंजीवांना ही गोष्ट नक्की सांगा. स्टेडियमशेजारचा अरीना हाही एल्विनचाच, १९३४ चा. तेव्हा तो पोहण्याचा तलाव होता.

राहिलेल्या दालनांचे कारखाने आणि गोदामं झाली. आजूबाजूला नॉर्थ सर्क्युलर रस्ता, पार्क रॉयल, सगळीकडे कारखाने. कामाला माणसं हवी होती. आधी आयरिश आले. १९५८ पासून पुढे बरीच वर्षं याच स्टेडियममध्ये त्यांच्या गेलिक फुटबॉलचे सामने भरायचे. मग कॅरिबियन बेटांवरून लोक आले, मग आपल्याकडून, मग केनियातून. आणि १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, तेव्हा २७ हजारांहून जास्त माणसं ब्रिटनमध्ये उतरली. आमच्या शेजारच्या बा त्यातल्याच. कंपालात मोठं दुकान होतं, इथे पहिला हिवाळा लष्करी छावणीत काढला, मग वेम्ब्लीत आल्या, कारण नवऱ्याच्या भावाला इथे काम मिळालं होतं. त्यांना भारतातून आलेलं समजलं तर रागावतात. "हम तो आफ्रिका के," म्हणतात आणि मला मोगोच्या चिप्स आणून देतात.

हो, मोगो खाच. कसावाचा कंद. तळून वर तिखट-मीठ-लिंबू. दिसतो गुजराती, पण आलाय पूर्व आफ्रिकेतून. ईलिंग रोडवर कुठल्याही शाकाहारी हॉटेलात मिळेल. कांदा-लसणाची काळजी सोडा, इथे जैन आणि स्वामिनारायणी गिऱ्हाईक इतकं आहे की वेटर स्वतःहून विचारतो. मे महिना म्हणजे हापूसच्या पेट्या फुटपाथवर लागलेल्या असतील. मात्र भाव ऐकून बाबांना बसायला खुर्ची द्या. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली तो उन्हाळा आम्ही पाकिस्तानी चौसा खाऊन काढला. वाईट नव्हता, पण हे मिरजेत बोलायची सोय नाही.

ईलिंग रोडवर सनातन मंदिर आहे, २०१० मध्ये उघडलं. चुनखडीचे दगड गुजरातेत कोरून इथे आणून जोडले. बाहेरच्या कोरीव कामात देवांच्या जोडीला मदर तेरेसाही आहेत, आईंना शोधायला सांगा. नीसडनचं स्वामिनारायण मंदिर त्याहून मोठं आणि जुनं, १९९५ चं. बल्गेरियाचा चुनखडी दगड, इटलीचा संगमरवर, कोरायला भारतात पाठवला आणि २६,३०० तुकडे परत येऊन इथे बसवले. आत फोटो काढू देत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, संकोच न करता स्वयंसेवकांना सांगा. शेजारच्या हवेलीतलं लाकडी कोरीवकाम मला मंदिरापेक्षा जास्त आवडतं. वेम्ब्ली पार्कहून २०६ नंबरची बस जाते.

आणि जमलं तर बसमधून डॉलिस हिलकडेही नजर टाका. तिथल्या ग्रनविक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात १९७६ मध्ये जयाबेन देसाई नावाच्या बाईंनी संप पुकारला. साडी नेसून, हातात पर्स घेऊन, जवळजवळ दोन वर्षं गेटवर. बहुतेक सगळ्या पूर्व आफ्रिकेतून आलेल्या बायका. पुढे देशभरातून खाणकामगार आणि टपालवाले त्यांच्या पाठिंब्याला आले. संप हरला, १९७८ मध्ये संपला. पण त्याआधी इथल्या युनियनवाल्यांना आपल्या बायका म्हणजे गप्प बसणारी स्वस्त मजूर वाटायच्या, ते संपलं. माझ्या हिशेबखात्यातल्या जुन्या बायका "ग्रनविक" शब्द काढला की अजून ताठ बसतात.

रात्रपाळी
लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण माझा सल्ला उलटा: मॅचच्या दिवशीच जा! मी स्टेडियमच्या मागच्या बाजूला राहतो. नव्वद हजार माणसं ऑलिंपिक वेवरून चालत येतात, गाणी म्हणत, स्कार्फ गळ्यात. रिकाम्या खुर्च्या बघून पोराला काय कळणार? तिकीट नसलं तरी बाहेरचा माहोल फुकट आहे. ट्रेनने जायचं, गाडी आणायचीच नाही. मॅचच्या दिवशी आसपासच्या गल्ल्यांत परवान्याशिवाय गाडी लावली की दंडाची चिठ्ठी ठरलेली. तिकीट मिळालंच तर ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. काकूंची शबनम घरी ठेवा.

मिरजेची_अल्पर्टनवाली
रात्रपाळी, तुम्ही तरुण आहात. अकरा वर्षांचा मुलगा आणि दुखरे गुडघे एकाच वेळी त्या गर्दीत घालायचे नाहीत. परत जाताना वेम्ब्ली पार्क स्टेशनबाहेर पोलीस लोकांना थोडेथोडे करून सोडतात, तासभर उभं राहावं लागतं. शिवाय मॅचच्या दिवशी आतली टूर बहुतेक नसतेच. मे महिन्यात एफए कपची फायनल आणि प्लेऑफचे सामने असतात, म्हणून शनिवार-रविवार सोडून द्या आणि टूरचं तिकीट काढायच्या आधी स्टेडियमचं वेळापत्रक बघा. मंगळवार-बुधवार उत्तम. मुलाला माहोल हवा असेल तर शनिवारी दुपारी तुम्ही एकटे त्याला घेऊन पुलाच्या कठड्यापाशी उभे राहा आणि सामना सुरू झाला की घरी या. बाकीचे हापूस खातील.

कोपरीकर
सर्वांचे मनापासून आभार! बुधवार पक्का. मिरजकर ताई, बाबांनी तुमचं उत्तर मोठ्याने वाचून घेतलं आणि लगेच विचारलं, "हॉकीचं काय? ते मैदान उरलंय का?" जुनं स्टेडियम पाडलं ना?

मिरजेची_अल्पर्टनवाली
बाबांना नमस्कार सांगा. हो, जुनं पाडलं. ते दोन पांढरे बुरूज २००३ मध्ये गेले, तेव्हा इथले लोक बघायला जमले होते. नवं २००७ मध्ये उघडलं. वरची कमान १३३ मीटर उंच, विमानातूनही दिसते, खिडकीकडची जागा घ्या. पण जागा तीच आहे. नवं बांधताना खोदलं तेव्हा वॉटकिनच्या मनोऱ्याचा पायासुद्धा खाली सापडला.

१२ ऑगस्ट १९४८. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी. अंतिम सामना ब्रिटनशीच, त्यांच्याच राजधानीत, साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या मैदानात. आपण ४-० ने जिंकलो, दोन गोल बलबीर सिंगचे, कप्तान किशनलाल. संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ ही मंडळीही होती. बाबांना ही नावं माझ्याहून चांगली ठाऊक असतील. टूरमधला गाइड ६६ चा विश्वचषक आणि तेव्हाचा इंग्लंडचा कप्तान बॉबी मूर यांच्यावरच बोलत राहील, हॉकीचं नाव काढणार नाही. बाबांनी मध्येच थांबवून विचारावं. आमच्या यजमानांनी विचारलं होतं, तर सगळी टूर पाच मिनिटं थांबली आणि एक स्पॅनिश कुटुंब टाळ्या वाजवू लागलं.

चहाबाज
ताई, महाराष्ट्र मंडळ त्याच बाजूला ना?

मिरजेची_अल्पर्टनवाली
डॉलिस हिल लेनवर, नीसडनच्या मंदिरापासून फार लांब नाही. १९३२ पासूनचं मंडळ आहे. पण बुधवारी दुपारी कुणी असेलच असं नाही, आधी फोन करून जा. आणि वडापावची आठवण आलीच तर मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० मध्ये हाउन्सलोत सुरू केलेलं श्रीकृष्ण वडापाव आता आमच्याकडच्या भागातही आलंय. आईंना तिथे नेऊ नका मात्र, चटणीत लसूण असतो.