खपाइतकंच सोलर बसवा, गच्ची भरायच्या मागे लागू नका

गच्चीकर, पुणे

आमच्या भागात आता दर चार-पाच घरांमागे एका गच्चीवर पॅनल दिसतात, याचा मनापासून आनंद आहे. पण "जागा आहे ना, मग टाका पाच किलोवॅट" असा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे.

साधा हिशेब बघा. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला २ किलोवॅट पुरून उरतो. केंद्र सरकारच्या घरगुती सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून मोठ्या प्लांटला ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला फक्त १८,००० मिळतात. चौथा आणि पाचवा पूर्ण पदरच्या पैशांनी.

आता जादा युनिटचं काय होतं ते बघा. कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजून वजावट करणाऱ्या नेट मीटरमुळे ते पुढच्या महिन्यांत जमा होत राहतात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी जे शिल्लक असतील ते वितरण कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण भरतो त्याच्या बराच खाली असतो. १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, पंखे बंद, एसी बंद. शिल्लक जमते ती याच महिन्यांत. आणि एप्रिलमध्ये एसी सुरू व्हायच्या तोंडावर ती हातची जाते.

म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, वर्षाचा एकूण खप काढा आणि त्यावरून क्षमता ठरवा. विक्रेत्याला विचारून ठरवू नका.

चार्जिंगवाला, नाशिक

पूर्ण असहमत. तुम्ही मागच्या वर्षाची बिलं बघून पुढच्या पंचवीस वर्षांचा निर्णय घ्यायला सांगताय. पॅनलची कामगिरीची हमीच २५ वर्षांची असते हो!

आमच्याकडे इलेक्ट्रिक कार आली. गाडी एका युनिटमध्ये साधारण ६-७ किलोमीटर जाते. महिन्याला १००० किलोमीटर धरले तरी दीडशे युनिट वाढले, म्हणजे सव्वा किलोवॅट त्यातच गेला. इंडक्शनवर स्वयंपाक सुरू केला की अजून भर. शिवाय नंतर वाढवायचं म्हटलं तर परत अर्ज, परत मंजूर भाराची (जोडणीला ठरवून दिलेल्या किलोवॅटची) कटकट, आणि जुन्या इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला, नवे पॅनल जुळतीलच असं नाही. स्ट्रक्चर, वायरिंग आणि अर्थिंगचा खर्च एकदाच होऊ द्या. अनुदान ३ किलोवॅटला थांबतं म्हणून आपली गरजही तिथेच थांबते का?

वऱ्हाडी माणूस, अकोला

दोघंही कागदावरच्या युनिटांवर भांडून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाते, तेव्हा पॅनलची काच ६५ च्या घरात तापते. २५ अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे भर उन्हात बारा-पंधरा टक्के गेले. गरमी जास्त म्हणून वीज जास्त, असं होत नाही. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका, खालून हवा खेळली पाहिजे.

त्यात धूळ. आमच्या शेजारच्या काकांनी बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले, तेही दुपारी. क्षाराचा पांढरा थर काचेवर असा बसला की नखानेही निघेना. पॅनल सकाळी, काच थंड असताना, मऊ फडक्याने आणि गोड्या पाण्याने धुवा. फेब्रुवारीतल्या स्वच्छ दिवशी ३ किलोवॅटचा प्लांट १२ युनिटही देत नसेल, तर चौथा किलोवॅट कशाला मागता? आधी तीन नीट चालवा.

मिरजकर ताई

पुण्या-नाशिकच्या मंडळींनी आमच्या वाडीवर येऊन बघावं. गेल्या जूनमध्ये वारं सुटलं आणि दुपारभर लाइट नव्हती. डोक्यावर ऊन, गच्चीवर नवेकोरे पॅनल, आणि घरात पंखा बंद! सासऱ्यांना दम्याचं मशीन लावायचं होतं, ते शेजाऱ्यांच्या बॅटरीवर लावलं. ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम लाइट गेली की बंद पडते, हे बसवताना कोणी सांगितलंच नाही. मला तर वाटतं, खेड्यात बॅटरीशिवाय सोलर बसवूच नये.

वायरमन ३० वर्षं

ताई, ती बंद पडते ते मुद्दाम. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाच्या अंगात तुमच्या गच्चीवरची वीज उतरू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ती सोय कोणी काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पण सगळं घर बॅटरीवर टाकू नका. दोन पंखे, दिवे, वायफाय आणि सासऱ्यांचं मशीन एवढं वेगळ्या लाइनवर घ्या आणि तेवढ्यापुरतीच बॅटरी घ्या. लिथियमची महाग पडते पण टिकते. ट्यूब्युलर, म्हणजे आपली नेहमीची पाण्याची बॅटरी, स्वस्त, पण डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं आणि काही वर्षांत बदलावी लागते. बिल वाचवायला मात्र बॅटरी नको. ते काम नेट मीटर करतोच, आणि बॅटरीत भरताना-काढताना थोडी वीज वाया जाते ती वेगळी.

आणि सगळ्यांनाच सांगतो, सावली बघा. बरेच जण एप्रिलमध्ये गच्ची बघून जागा ठरवतात. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीखालीच राहते. २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो. मीटरभर उंच कठड्याची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ मीटरभर पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पॅनल सगळे एका ओळीत जोडलेले असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी ओळीचं उत्पादन खाली येतं.

गच्चीकर, पुणे

सावलीचा मुद्दा सोळा आणे खरा. नाशिककरांना एवढंच सांगतो: गाडी दारात उभी असेल तर तिचे युनिट हिशेबात धराच, तोही खपच आहे. माझा विरोध पुढेमागे घेऊ म्हणून आज पैसे गच्चीवर मांडून ठेवण्याला आहे. गाडी चार वर्षांनी आली तर तोवर चार वेळा ३१ मार्च येऊन गेलेला असेल.

अजून एक. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत मिळते. म्हणजे दिवसाची वीज स्वस्त होत चालली आहे. ती ग्रिडला देऊन रात्री तेवढीच परत घ्यायची ही सोय कायम अशीच राहील, असं मी गृहीत धरणार नाही. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री दुपारी उरकायची सवय आत्तापासून लावा.

वऱ्हाडी माणूस, अकोला

दुपारी वापरायचं आणखी एक कारण आहे. आमच्या गल्लीत दुपारी सगळ्यांचे सोलर जोरात आणि घरं रिकामी. व्होल्टेज २५० च्या वर चढते अन् इन्व्हर्टर ट्रिप होते. मालकाला पत्ताच नसते, कारण संध्याकाळी सगळं ठीक दिसते. ॲपमध्ये दिवसाचा आलेख बघा. आकाश स्वच्छ असतानाही दुपारी बारा ते दोन मधात खड्डे दिसले तर ते ढग नव्हेत, बहुधा व्होल्टेज आहे. वितरण कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

चार्जिंगवाला, नाशिक

नियम बदलतील म्हणून प्लांट लहान ठेवायचा, हे मला पटत नाही. उलट दिवसा वापरायचंच असेल तर गाडी दुपारी चार्ज करता येईल एवढा प्लांट हवा. तीन किलोवॅटच्या प्लांटवर साडेतीन किलोवॅटचा चार्जर लावला तर भर दुपारीही उरलेली वीज ग्रिडमधूनच येणार, पंखा-फ्रिजची वेगळी. गच्चीकर, तुमचा वर्षाचा हिशेब बरोबर आहे, पण दुपारी दोन वाजताचा हिशेब त्यात कुठे आहे?