पोलंडचे ध्रुवीय माहितीपट: मान मोहिमेतल्या कॅमेऱ्याचा की स्टुडिओच्या कारागिरीचा?

हिमपाऊल
पोलिश ध्रुवीय माहितीपटांची चर्चा निसर्गचित्रपटकार व्लोद्झिमिएश पुखाल्स्की यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला हे अन्यायाचं वाटतं. या परंपरेचा पाया आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटावरच्या १९३४ च्या पोलिश मोहिमेत आहे. बेर्नाद्झिकिएविच यांच्या नेतृत्वाखाली सात जण त्या बेटाच्या टोरेल लँड या भागात गेले. झाग्रायस्की आणि झावाद्स्की फोटोथिओडोलाइटने (नकाशासाठी कोन मोजत छायाचित्रं घेणाऱ्या यंत्राने) मोजणी करत होते आणि सिनेकॅमेरा वितोल्द बिएर्नाव्स्की या अभियंत्याकडे होता. चित्रण करणारा मोहिमेतलाच असल्यामुळे काम चालू असतानाच कॅमेरा चालला, दिग्दर्शकासाठी कुणी थांबलं नाही. हे मोल नंतरच्या देखण्या चित्रपटांत नाही.

रीळ पस्तीस
हिमपाऊल, पूर्ण असहमत. नोंद म्हणजे चित्रपट नव्हे. हिशोब करा: ३५ मिमी फिल्मची १०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींनी ६७ सेकंदांत संपते. घसरगाडीवर किलो-किलोचा विचार करणारा माणूस एका दृश्याला पाच-सहा सेकंदच देणार. दोन दृश्यं सांधणारी जोडदृश्यं नसतात, मग संपादकाच्या हाती काय उरतं?

पुखाल्स्की पोलंडमधल्या वूत्श शहराच्या शैक्षणिक चित्रपट स्टुडिओचे. लपणीत बसून लांब भिंगांनी पक्षी टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अंटार्क्टिकातलं पोलंडचं आर्क्टोव्स्की केंद्र २६ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालं आणि १९ जानेवारी १९७९ ला तिथेच, काम करत असताना, ते वारले. केंद्राच्या दक्षिणेच्या टेकडीवरची त्यांची समाधी अंटार्क्टिक कराराच्या यादीत ऐतिहासिक स्थळ क्र. ५१ आहे.

शिवाय थंडीत कारागिरीच वाचवते. नेहमीचं ग्रीस घट्ट होतं, मोटर मंदावते, प्रत्येक चौकटीला जास्त उजेड मिळतो, आणि पडद्यावर सगळं फिकट नि धावतं दिसतं. म्हणून निघण्याआधी कॅमेरा पूर्ण उघडायचा, ग्रीस धुऊन काढायचं आणि कमी तापमानाचं पातळ तेल थेंबभरच घालायचं. फिल्म कडक होऊन छिद्रांपाशी तुटते. भराभर गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे फांद्यांसारखे डाग उमटतात. उबदार खोलीत उघडा कॅमेरा आणला की भिंगाच्या आतही दव धरतं. तो थंडीतच हवाबंद पिशवीत घालून आत आणायचा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. बॅटरी कोटाच्या आत, अंगाशी.

आणि बर्फावर प्रकाशमापक फसवतो. त्याचं ऐकलं तर बर्फ राखाडी येतो. भिंगाचं छिद्र एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उघडावं लागतं, पण जास्त उजेडाने पेंग्विनच्या पांढऱ्या पोटाचा तपशील उडायला नको. हा तोल रोजच्या सरावानेच येतो.

नकाशेकर
दोघांनी एक गोष्ट सोडली. हिमनदी किती मागे हटली हे जुन्या चित्रणावरून सांगता येतं, असं हल्ली सहज बोललं जातं. फोटोथिओडोलाइटच्या प्लेटची (काचेवरच्या छायाचित्राची) जागा, दिशा आणि भिंगाचं नाभीय अंतर ठाऊक असतं. सिनेचौकटीबद्दल यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि बोलपटाची चौकट २२ × १६ मिमीएवढीच. चौकटीत निदान तीन ओळखू येणारी शिखरं असतील तर उलट मोजणीने कॅमेऱ्याची जागा काढता येते. नुसतं बर्फाचं टोक दिसत असेल तर ते चित्रण पुरावा म्हणून मी घेणार नाही. कॅमेरा डोलत असेल तर मुळीच नाही.

हिमपाऊल
नकाशेकर, मोजमापाचं मान्य. पण प्लेट एका क्षणाची असते. दोर कसा बांधला, घसरगाडी कुठे अडली, खाडीतला बर्फ कोणत्या बाजूला सरकला, हे प्लेट सांगत नाही. रीळ पस्तीस, तुमच्या संपादकाला नको असलेलं पाच सेकंदांचं दृश्य मला हवं आहे. कापून फेकलेले तुकडे जपायला हवेत, तयार प्रतीइतकेच.

रीळ पस्तीस
जपण्याबद्दल वाद नाही. तिथेही कारागिरी लागते. युद्धापूर्वीची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही, वेगळ्या थंड कोठडीत ठेवायची. नंतरच्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास आला की तो डबा लगेच बाकीच्यांपासून दूर करायचा, कारण ते आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. स्कॅन मूळ निगेटिव्हवरून हवं; प्रदर्शनाच्या रंगीत प्रतीत निळसर थर आधी उडतो आणि अंटार्क्टिका गुलाबी दिसते. निवेदन स्टुडिओत नंतर चढवलेलं असेल, तर ध्वनिपट्टी स्वतंत्र जपावी.

नकाशेकर
आणि आता अंटार्क्टिकात चित्रण करू पाहणाऱ्यांसाठी: अ‍ॅडमिरल्टी उपसागराचा पश्चिम किनारा, आर्क्टोव्स्कीच्या लगतचा, आज विशेष संरक्षित क्षेत्र क्र. १२८ आहे. परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आपल्याकडच्या कुणाला उत्तरेकडे जायचं असेल तर भारताचं हिमाद्री केंद्र स्पिट्सबर्गनवरच, न्यू-ओलेसुंडला आहे (पोलंडचं हॉर्नसुंड केंद्रही त्याच बेटावर), आणि ते सांभाळणारी संस्था गोव्यात वास्कोला. जाल तेव्हा प्रत्येक दृश्यासोबत जीपीएस, दिशा, भिंग आणि तारीख लिहून ठेवा.